मामांनी लिस्बनला जन्म नोंदवला, यात बेइमानी कुठली?

डिचोलीची भाची:
परवा एका लग्नात जेवता जेवता वाद झाला, तो इथे आणतेय. विषय आमचे मामा. जन्म 1958 चा, डिचोलीचा. 2013 साली त्यांनी आपली जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात लावून घेतली, पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि मामी-मुलांसकट इंग्लंडात स्विंडनला गेले. तिथे गोदामात रात्रपाळी. पंगतीत एक काका म्हणाले, "ज्यांना घालवायला लोकांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्याच दारात हा कागद मागायला गेला."

मामांनी काही मागितलं नाही, असं माझं म्हणणं. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्मापासून त्यांचाच. भारताचं सार्वभौमत्व त्यांनी 31 डिसेंबर 1974 च्या करारात मान्य केलं, पण माणसांचं नागरिकत्व काही काढून घेतलं नाही.

आणि मुक्तीचं म्हणाल तर आमच्या आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं. 1955 च्या सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली, रेल्वेही थांबली. वेंगुर्ला काही लंकेत नाही, पण आजी सहा वर्षं माहेरी गेली नाही. तिचे वडील गेल्याचं तिला दिवसकार्य उरकल्यावर कळलं. डिसेंबर 1961 नंतर ती पहिलं काय केलं असेल तर माहेरी गेली. आमच्या घरात मुक्ती म्हणजे हे. मग त्याच बाईच्या मुलाने परदेशी जाणं मुक्तीच्या विरोधात कसं? हवं तिथे जाणं, संचारस्वातंत्र्य, हा त्याचा हक्कच.

जुनं दप्तर:
आजीची गोष्ट वाचून गलबललो, पण ताई, कायदा तुम्ही अर्धाच सांगितलात. 1962 साली भारत सरकारने गोवा-दमण-दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. इथे जन्मलेले सगळे भारतीय ठरले. ज्याला पोर्तुगीज राहायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यायचं. फादर शिकू मोंतेरो या पाद्रींनी दिलं. पुढे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, त्यांनी वाढवून घेतली नाही, देश सोडायचा हुकूमही मानला नाही. जन्मभूमीतच परदेशी म्हणून खटला चालला, शिक्षा झाली, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयातही ते हरले.

त्यांची निष्ठा मला पटत नाही, पण त्यांनी ती उघडपणे मांडली आणि भोगली. तुमच्या मामांच्या वतीने 1962 साली कोणी काही लिहून दिलं नव्हतं, म्हणजे ते भारतीय. पुढे पन्नास वर्षं भारतीय म्हणून मतदान केलं असेल, रेशन घेतलं असेल. मग एके दिवशी "मी तर जन्मापासूनच पोर्तुगीज"? आणि जन्मापासूनचं हे नातं 1986 पर्यंत कुणाला का आठवलं नाही? पोर्तुगाल त्या साली युरोपीय समुदायात गेला, काही वर्षांनी त्यांच्या कामगारांना सगळीकडे दारं उघडली, तेव्हा आठवलं.

खलाशाची लेक:
आठवलं कारण तेव्हा उपयोगाचं झालं. उपयोगाच्या कागदाला लाजायचं कशाला? माझे पप्पा बोटीवर होते. धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पेटी ठेवून बोटीची वाट बघायचे. गावागावाच्या कुडी होत्या मुंबईत. त्याआधीची पिढी कराचीला, नैरोबीला. गोंयकार पोर्तुगीज असतानाही पोटासाठी बाहेरच होता, मुक्तीनंतरही बाहेरच. साहेबाने नोकरी दिली नाही, आपल्या सरकारनेही दिली नाही. निष्ठेचा हिशेब मात्र दर वेळी जाणाऱ्याकडेच मागायचा.

दोडामार्गी:
मी सीमेच्या या, महाराष्ट्राच्या बाजूचा. आमची पोरं रोज मोटरसायकलवरून गोव्यात कामाला जातात, पेशंट बांबोळीच्या इस्पितळात नेतो, सोयरीक तिकडची. माझ्या आजोबांचं शेत नदीच्या अलीकडे होतं, त्यांच्या मावसभावाचं पलीकडे. मावसभावाची नातवंडं आज युरोपात, मी इथे. कर्तृत्वाचा फरक नाही, नदी कुठून वाहते त्याचा आहे.

म्हणून ताई, याला संचारस्वातंत्र्य म्हणू नका, चीड येते. ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. इस्टेट विकून खाण्यात पाप नाही, पण तिला तत्त्वाचं नाव कशाला? ब्रिटिशांनी 1962 पर्यंत राष्ट्रकुलातल्या सगळ्यांना येऊ दिलं, मग कायदा करून दार लोटलं. म्हणजे ज्यांच्यावर ब्रिटिशांची सत्ता होती तो आमचा मुलूख बाहेर, आणि तुमचे मामा पोर्तुगालच्या कागदावर ब्रिटिशांच्याच घरात! हसावं की रडावं.

जुनं दप्तर:
दोडामार्गींशी सहमत. सतवंतसिंग सॉहनी खटल्यात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये धरला. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यातही कलम 13 आहे: कोणताही देश सोडता यावा, आपल्या देशात परतता यावं. दुसऱ्याने आत घेतलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

कुलूपबंद:
तत्त्व राहू द्या. आमच्या वाड्यावर सात घरांना कुलूप आहे. पावसात कौलं सरकली तर चढायला माणूस नाही. म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायला मी जातो.

डिचोलीची भाची:
दोडामार्गींचं मान्य करते. इस्टेटच आहे. "हक्क" म्हणताना माझ्या तोंडात जरा जास्तच मोठा शब्द आला. पण इस्टेटीचे कागद काढताना काय हाल झाले तेही ऐका. आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज कारकुनाने 'श'च्या जागी एक्स घातला, 'क'च्या जागी सी. आधार कार्डावर तिसरंच. एकच माणूस आहे हे सिद्ध करायला वर्ष गेलं आणि एजंटाने पैसे घेतले ते वेगळेच.

जुनं दप्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मामांनी दोन्ही भूमिका घेतल्या, खरं आहे. पण दोन्ही वेळा त्यांना विचारलं कोणी? 1961 साली ते तीन वर्षांचे होते. आजोबांनाही महिन्याची मुदत होती म्हणे, त्यांना ते महिना उलटल्यावर कळलं.

जुनं दप्तर:
आजोबांचं ठीक. 2013 साली मामा पंचावन्न वर्षांचे होते. पासपोर्ट हातात पडला की नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, हे एजंटाने तरी सांगितलं असेलच.

डिचोलीची भाची:
सांगितलं होतं. "नंतर बघू" असंही सांगितलं होतं. ते नंतर आता आलंय. भारतीय पासपोर्ट वेळेत परत केला नाही म्हणून तो रद्द झाला, आणि तो परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, अडलं. 2024 साली केंद्राने सांगितलं की आमच्यासारख्यांना रद्द केल्याचा दाखलाही चालेल, तेव्हा कुठे मामांनी पुन्हा अर्ज भरला. इंग्लंडचं म्हणाल तर ब्रेक्झिट झालं, पण 2020 च्या अखेरपर्यंत तिथे होते त्यांना राहू दिलं. माझ्या धाकट्या भावाने आजोबांच्या त्याच नोंदीवर 2022 साली पोर्तुगीज पासपोर्ट काढला, त्यावर इंग्लंडात कामाला जाता येत नाही. तो लिस्बनमध्ये आहे आणि भाषेच्या नावाने बोंब आहे.

दोडामार्गी:
मग चवथीला येताहेत का मामा?

डिचोलीची भाची:
व्हिसा काढून येताहेत. अर्जात भेटीचं कारण विचारलं होतं. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला, असं कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना कळेना. शेवटी 'पर्यटन' लिहिलं.