झटपट पासच्या खेळात क्वार्टरबॅक बचाव कसा वाचतो?

प्रश्न
नमस्कार. नोकरीनिमित्त मी तीन वर्षांपासून अमेरिकेत आहे आणि रविवारी सहकाऱ्यांबरोबर एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने पाहतो. नियम आता समजतात, पण एक कोडे सुटत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, तीन पावले मागे येतो आणि जेमतेम दोन सेकंदांत चेंडू फेकून मोकळा होतो. एवढ्या वेळात समोरचे अकरा खेळाडू तो पाहतो तरी कसे?

प्रतिसाद १
अकरा जणांना तो पाहतच नाही, आणि हेच या पद्धतीचे मर्म आहे. बहुतेक वाचन स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, आधीच उरकलेले असते. प्रथम तो सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राखण करणारे बचावपटू, मोजतो: मधोमध एकच सेफ्टी खोल उभा असेल तर कव्हर १ किंवा कव्हर ३ संभवते, दोन असतील तर कव्हर २ किंवा ४ (खोल भाग किती जण राखतात, तो हा आकडा). मग एखाद्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, आडवे पळवले जाते. त्याच्यामागे एक बचावपटू धावत गेला तर बहुधा मॅन (प्रत्येकाने एकेक खेळाडू राखायचा), सगळे जरा जरा सरकले तर झोन (प्रत्येकाने एकेक जागा राखायची).

स्नॅपनंतर नजर एकाच माणसावर असते. बाहेरचा रिसीव्हर तीन पावले सरळ जाऊन आत तिरका वळतो, तो स्लँट. आतला रिसीव्हर बाहेरच्या रेषेकडे पळतो, तो फ्लॅट. त्या भागाची राखण करणारा बचावपटू फ्लॅटच्या मागे गेला की त्याने सोडलेल्या जागेत स्लँट, तो आतच रेंगाळला की फ्लॅट. त्याने काहीही केले तरी एक जण मोकळा सुटावा, अशीच ही जोडी रचलेली असते.

प्रतिसाद २
यात पायांचाही वाटा मोठा आहे. बिल वॉल्श १९७० मध्ये सिनसिनाटी बेंगॉल्सकडे साहाय्यक प्रशिक्षक होते. त्यांचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर अचूक होता, पण लांब फेकण्याइतका त्याचा हात दणकट नव्हता, म्हणून त्यांनी आखूड आणि वेळेवर सुटणाऱ्या पासांचा खेळ बांधला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत क्वार्टरबॅक जो मोंटानाने तो कळसाला नेला. तिसरे पाऊल रोवले की चेंडू सुटलाच पाहिजे. ब्लिट्झ आला, म्हणजे जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर धावून आले, तर धावून येणाऱ्याने रिकामी केलेली जागा हेच उत्तर असते.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही उत्तरे पटली. मात्र बचावही क्वार्टरबॅकला वाचत असतो, हे विसरू नये. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटलचा संघ न्यू इंग्लंडविरुद्ध २४–२८ असा मागे होता, चेंडू गोल रेषेपासून एका यार्डावर होता आणि उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे होते. पुढच्याने वाट अडवायची आणि मागच्याने स्लँट धावायचा, असा बेत होता. परंतु न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने पुढच्याला जागीच रोखून धरले, आणि त्याचा साथी माल्कम बटलरने, ज्याला हाच डाव सरावात चकवून गेला होता, मांडणी ओळखून झेप घेतली. सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनला फट दिसली होती, ती खरीही होती. चेंडू पोहोचेपर्यंत तिथे बटलर होता.