घडीची इलेक्ट्रिक सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय करू? (लवकर सांगा)

उंबरठा (सोमवार, २१:४०)

नमस्कार मंडळी. घडी होणारी ई-सायकल घेऊन दोन महिने झालेत. बाहेर लावायला कुलूप कुठलं चांगलं? एकच सांगा, उद्याच घ्यायचंय. व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण वेगळंच ठासून सांगतो. आणि कृपया "घरात ठेवा" हा सल्ला नको. तेवढं मलाही कळतं.

चाकोरी (२१:५२)

कुठे लावता? किती वेळ? दिवसा की रात्री? कशाला बांधता? हे न सांगता कुलूप विचारणं म्हणजे पेशंट न दाखवता गोळी मागणं.

पानापक्कड (२१:५८)

यू-लॉक, म्हणजे इंग्रजी U सारखी जाड कडी आणि तिला आडवी दांडी. विषय संपला.

सध्या ती प्लॅस्टिकच्या नळीतली केबल वापरत असाल तर आजच काढून ठेवा, हेल्मेट बांधायला उपयोगी पडेल. तसली बारीक केबल हातातल्या कटरने काही सेकंदांत तुटते. यू-लॉक घेताना कडी किमान १४ मिमी जाड बघा आणि तिची दोन्ही टोकं दांडीत अडकणारी हवीत. एकाच टोकाला अडकत असेल तर एकदा कापलं की वळवून निघते. दोन्हीकडे अडकत असेल तर चोराला दोनदा कापत बसावं लागतं.

जुनाटायर (२२:०५)

छान विषय. मी पण ई-सायकल घेणार आहे. तुमची एका चार्जमध्ये किती चालते?

तिरकस (२२:१७)

पानापक्कड, तुम्ही घडीची सायकल कधी हातात धरलीये का? तिचा मधला पाइप मनगटापेक्षा जाड असतो, आणि बॅटरी त्यातच बसवलेली असेल तर बघायलाच नको. आटोपशीर यू-लॉक त्याच्याभोवती बसतच नाही. मग लोक काय करतात, पुढच्या चाकात अडकवतात आणि निर्धास्त आत जातात. संध्याकाळी येऊन बघावं तर चाक आणि कुलूप जागेवर, एकमेकांच्या गळ्यात.

पट्ट्यांचं घडीचं कुलूप घ्या, रिव्हेटने जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं. वेड्यावाकड्या जागेतूनही जातं.

पानापक्कड (२२:२४)

पट्ट्यांच्या कुलपाला जितके सांधे तितक्या दुखऱ्या जागा. रिव्हेटवर घाव घातला की पट्टी जाड असून काय उपयोग? मधला पाइप जाड असेल तर मागच्या त्रिकोणातून घाला. मागचं चाक आणि सांगाडा एकाच कडीत येतात.

तिरकस (२२:२६)

मागचा त्रिकोण आणि पुढचा भाग यांच्यामध्ये बिजागरी असते, साहेब. बिजागरीची खीळ काढता येत असेल तर पुढचा अर्धा भाग कुणीही घेऊन जाईल.

पानापक्कड (२२:२७)

अर्धी सायकल घेऊन करणार काय तो? एकचाकी सर्कस?

तिरकस (२२:३१)

हँडल, डिस्प्ले, ब्रेक, पुढचं चाक. सुट्या भागांना गिऱ्हाईक असतं.

चाकोरी (२२:४०)

धागाकर्ती गायब. तुमचं चालू द्या.

उंबरठा (मंगळवार, ०८:१५)

अहो झोपले होते! ऑफिसबाहेर लावते, दिवसभर. घरी रात्री खोलीतच असते, म्हणून तर म्हटलं ते सांगू नका. एका खांबाला बांधते. मेक कुठला ते महत्त्वाचं आहे का? आणि आता यू-लॉक घेऊ की पट्ट्यांचं?

दुपारची_शिफ्ट (०८:३०)

ताई, बॅटरी निघते का? कुठे आहे?

उंबरठा (०८:३३)

निघते. सीटच्या दांड्यातच आहे.

दुपारची_शिफ्ट (०८:४१)

मग ही गोष्ट पहिल्या ओळीत सांगायची होती! सीटचा दांडा उपसा आणि सोबत घेऊन जा. बॅटरी, सीट, दांडा तिन्ही तुमच्याकडे. खाली उरते ती धड बसताही न येणारी सायकल. पॅक काढताना चार्जिंग निम्म्यावर असलं तरी चालतं, लिथियमला कायम शंभर टक्क्यांवर ठेवलेलं तसंही आवडत नाही. बॅटरीच्या छोट्या किल्लीच्या कुलपावर विसंबू नका, ते कपाटाच्या ड्रॉवरइतकंच दणकट असतं.

उंबरठा (०८:४४)

जड आहे हो. आणि मीटिंगला सीट घेऊन जाऊ?

जुनाटायर (०८:५०)

रेंज सांगितली नाहीत.

गोलकिल्ली (०९:१२)

किल्लीकडेही लक्ष द्या. गोल नळीसारखी किल्ली असलेली जुनी यू-लॉकं २००४ मध्ये साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडून दाखवली होती लोकांनी, मोठा गहजब झाला होता. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. घरात जुनं पडलेलं कुलूप "चालेल अजून" म्हणून लावू नका. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपं तपासून ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते, नेदरलँड्सची एआरटी तारे देते. पाकिटावर असं काही छापलेलं असेल तर बघून घ्या. नुसतं "अतिसुरक्षित" कुणीही छापतं.

खडखड (०९:३०)

कुलूपबिलूप काही नाही, बॅटरीवर चालणारा ग्राइंडर असला की सगळंच कापलं जातं. एअरटॅग (अ‍ॅपलचा, फोनवर जागा दाखवणारा छोटा टॅग) लपवा आणि शांत बसा.

गोलकिल्ली (०९:३८)

एअरटॅग (२०२१ पासून) हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरासाठी नाही. अनोळखी टॅग सोबत फिरतोय हे चोराच्या फोनवर कळू शकतं, आयफोनवर आधीपासून आणि जुलै २०२३ पासून अँड्रॉइडवरही. शिवाय मालकापासून दूर गेल्यावर ८ ते २४ तासांच्या आत कधीतरी हलवलं की तो स्वतःच आवाज करतो. आणि तुम्ही हौसेने पाइपात खोल ढकलून ठेवलात तर धातूने सिग्नल अडतो, म्हणजे तुम्हालाच दिसायचा नाही. सिमवाला जीपीएस वेगळा, पण त्याला चार्जिंग लागतं.

खडखड (०९:४१)

माझा सापडला होता.

गोलकिल्ली (०९:४२)

टॅग की सायकल?

खडखड (०९:५५)

टॅग.

ताकदवान_मांड्या (१०:२०)

मुळात इलेक्ट्रिक सायकल म्हणजे फसवणूक आहे. साधी सायकल चालवा, व्यायाम होईल, चोरही फारसे बघत नाहीत.

चाकोरी (१०:२२)

विचारलंय काय आणि सांगताय काय. उंबरठाताई, खांब कसला आहे? सायकलचं वजन किती? आणि ऑफिसात का नेत नाही? घडी होते ना?

उंबरठा (१०:४७)

२१ किलो. ऑफिसात नेऊ देत नाहीत, बॅटरी आहे ना, आगीची भीती. खांब म्हणजे दिशादर्शक फलकाचा, माझ्या खांद्याएवढा. मी नीट घडी करून, त्याला टेकवून, पुढच्या चाकातून बांधते. अडचणही होत नाही कुणाला. आता तरी कुलूप सांगाल का?

तिरकस (१०:४९)

घडी करून???

दुपारची_शिफ्ट (१०:५३)

अहो ताई, घडी करून बांधता? उघडी सायकल चालवत न्यावी लागते किंवा ढकलत, चार लोक बघतात. घडी केलेली दोन हातांनी उचलून डिकीत टाकता येते. चोरासाठी अर्धं काम तुम्हीच करून ठेवताय. बाहेर लावायची असेल तर उलगडून लावा.

पानापक्कड (१०:५८)

तिरकसशी या एका मुद्द्यावर सहमत. नोंद घ्यावी.

चाकोरी (११:०४)

आणि खांद्याएवढा खांब! वरचा फलक काढला तर कुलूप वरून ओवाळून निघेल, कापायची गरजच नाही. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघा: फलक कशाने बसवलाय? खांब खाली पक्का गाडलाय का? धरून गदागदा हलवा. कुलूप कितीही भारी असलं तरी ज्याला बांधलंय ते त्याहून कच्चं असेल तर उपयोग शून्य. साखळी घेतलीत तर जमिनीवर लोळू देऊ नका, खाली टेकली की जमीन चोराला ऐरणीसारखी वापरता येते.

तिरकस (११:१०)

सायकलचा क्रमांक लिहून ठेवलाय का? बहुतेकांच्या पेडलच्या अक्षाखाली कोरलेला असतो, सायकल आडवी करून फोटो काढा. बॅटरी आणि मोटरवरचे क्रमांक वेगळे असतात, तेही घ्या. विमा असेल तर बिल आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्या जपा. बरेच विमावाले दुसरी किल्ली मागतात.

उंबरठा (११:१६)

दुसरी किल्ली हँडलच्या पिशवीत आहे.

सायकलच्या.

चाकोरी (११:१७)

🙏

उंबरठा (१४:३५)

जाऊन आले. फलकाला दोन बोल्ट. खालच्याला नटच नव्हता. वरचा नट मी बोटांनी फिरवला, पाना लागला नाही, तीन आटे मोकळा झाला. पावसाने गंजून घट्ट बसला असेल असं मला वाटत होतं. हाताला नुसता काळा वंगण लागला. तिथेच उभी राहिले पाच मिनिटं. दोन महिने मी रोज त्या खांबाला बांधतेय.

वर जाऊन साहेबांना नीट विचारलं: भीती सायकलची आहे की बॅटरीची? म्हणाले बॅटरीची, मुख्यतः चार्जिंगची. म्हटलं, दांडा उपसून मी बाहेरच्या पॅसेजला ठेवते. ते म्हणाले पॅसेजमध्ये तर नकोच, आग लागली तर पळायची वाट तीच. शेवटी ठरलं ते असं: सायकल घडी करून पिशवीत घालून स्टोअररूममध्ये, बॅटरी माझ्या टेबलाखाली, आणि ऑफिसात चार्जिंग अजिबात नाही. दोन मजले उचलून न्यावी लागणार, पण दांडा काढल्यावर बरीच हलकी होते.

दुपारची_शिफ्ट (१४:४०)

मस्त! म्हणजे शेवटी "आत ठेवा" हेच.

उंबरठा (१४:४२)

मी घरात ठेवा म्हणू नका म्हटलं होतं. ऑफिसात ठेवा म्हणू नका असं म्हटलं नव्हतं.

पानापक्कड (१४:४६)

बाजारात, दवाखान्यात, बँकेत जाल तेव्हा लागेलच. यू-लॉक घ्या.

तिरकस (१४:४७)

पट्ट्यांचं.

उंबरठा (१४:५१)

दोघांनी आपसात ठरवा, मी शनिवारी दुकानात जाणार आहे. पाइपाचा घेर दोऱ्याने मोजून नेते. दुकानात कडीतून जातो का ते बघूनच घेईन.

जुनाटायर (१५:०८)

सगळं मिटलं असेल तर रेंज?

उंबरठा (१५:३०)

साहेबांकडे दांडा खांद्यावर टाकून गेले होते, तेव्हा दाराच्या चौकटीला आपटला. दिवा लागतोय. रेंज घरी जाताना कळेल.