लाईट जाणाऱ्या घरात पाय ओएस 'लाइट' नको, अल्पाइन घाला

विहिरीकाठचा

गावच्या घरी (कोकण) छपरावरच्या टाकीचं पाणी मोजायला रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू (छोटासा संगणक, सिस्टिम मेमरी कार्डावर) लावलाय. एकच कोर, ५१२ एमबी रॅम. काम इतकंच की दर पाच मिनिटांनी सेन्सर वाचायचा आणि आकडा घरातल्या फोनवर दिसेल असा ठेवायचा. जूनपासून लाईट दिवसातून चार-पाचदा जाते, त्याला काही धरबंध नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यावर पाय ओएस लाइट (पायची नेहमीची, डेबियन लिनक्सवर बेतलेली सिस्टिम) होतं. दोन कार्डं गेली. दुसऱ्या वेळी वडिलांना फोनवर सांगून टीव्हीची वायर लावायला लावली, तर पडद्यावर 'कर्नल पॅनिक' (सिस्टिमचा गाभाच बंद). वडील म्हणाले, "हे घाबरलंय म्हणतंय रे."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जिथे वीज कधीही जाते तिथे कार्डावर लिहिणारी सिस्टिम ठेवूच नये. अल्पाइन या छोट्या लिनक्सचा डिस्कलेस (रॅममधूनच चालणारा) प्रकार घ्या. कार्ड फॅट३२ करायचं, त्यावर डाउनलोड केलेली फाइल उलगडायची, झालं इन्स्टॉलेशन. चालू होताना सगळी सिस्टिम रॅममध्ये चढते आणि कार्डाला नुसतं वाचण्यापुरतं हात लावते. रूटने लॉगिन (पासवर्ड नाही), मग 'सेटअप-अल्पाइन' आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं. गेल्या पावसाळ्यात एकदाही कार्ड बदललं नाही. शिवाय 'पीएस' (चालू प्रोग्रॅमची यादी) मारलं की यादीतली प्रत्येक ओळ कशाची ते मला माहीत असतं. लाइटवर तसं कधीच वाटलं नाही.

एकच सावधानता: झिरोसाठी 'आर्महफ' नावाची फाइल घ्या, 'आर्मव्ही७' नको. झिरोचा प्रोसेसर एआरएम व्ही६ जातीचा; डेबियनमध्ये आर्महफ म्हणजे व्ही७ आणि अल्पाइनमध्ये व्ही६. हा घोळ कळेपर्यंत माझा एक रविवार गेला.

आळशी_अण्णा

असहमत. कार्डं पाय ओएस लाइटमुळे गेली नाहीत, तुम्ही एक मेनू उघडला नाहीत म्हणून गेली. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्स, तिथे ओव्हरले फाइल सिस्टिम. दोनदा 'हो' म्हणा, रीबूट करा. त्यानंतरचं सगळं लिखाण रॅममध्ये. वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन) तर इमेजर हा कार्ड तयार करणारा प्रोग्रॅम कार्ड लिहितानाच भरून देतो, पायला पडदा लागतच नाही. तुमच्या अल्पाइनला पहिल्यांदा मिनी एचडीएमआयचं कन्व्हर्टर, ओटीजी वायर आणि कीबोर्ड जमवा. ते जमेस्तोवर माझा चहा पिऊन होतो.

आणि पायथन? पाय ओएसवर पिपला (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) तयार पॅकेजं मिळतात. अल्पाइनमध्ये ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नाही, मसल आहे, म्हणजे ती पॅकेजं चालत नाहीत. झिरोवर नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) कम्पाइल करून बघा, रात्र जाईल.

विहिरीकाठचा

अण्णा, नमपाय एपीकेमध्ये (अल्पाइनच्या पॅकेजांत) तयार आहे, कम्पाइल कशाला? आणि टाकी मोजायला नमपाय लागत नाही. माझं चाळीस ओळींचं सी आहे. ओव्हरलेचं मात्र मान्य, तेव्हा माहीत नव्हतं. पण आधी सगळं सामान भरायचं आणि मग त्यावर झाकण लावायचं, यापेक्षा आधीच मोजकं आणलेलं बरं.

करवंद

मी अल्पाइनवाला होतो, आता नाही. का ते सांगतो. स्क्रिप्ट लिहून यूएसआर-लोकल-बिनमध्ये ठेवली. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) नोंद केली. आठवणीने 'एलबीयू कमिट' (रॅममधले बदल कार्डावर जपणारी आज्ञा) मारलं. रीबूट केल्यावर क्रॉनची नोंद जागेवर, स्क्रिप्ट गायब! एलबीयू मुळात फक्त ईटीसी जपतो, बाकीची फोल्डरं 'एलबीयू इन्क्लूड'ने सांगावी लागतात. क्रॉन बिचारा दर पाच मिनिटांनी नसलेल्या फाइलला हाका मारत होता आणि मी आठवडाभर सेन्सरला शिव्या घालत होतो. विसराळू माणसाने या वाटेला जाऊ नये.

सोल्डरवाली

दोघेही घड्याळ विसरताय. झिरोवर बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट आली की पाय आधी उठतो, राउटर नंतर, आणि रेंज त्याच्याही नंतर. तोवरच्या नोंदींवर वेळ भलतीच. एचटीटीपीएसने कुठे आकडा पाठवत असाल तर सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणून नकार मिळतो. पाय ओएसमध्ये शेवटची वेळ फाइलमध्ये जपायची सोय आहे, पण अण्णांचा ओव्हरले चालू असला की ती फाइलही रॅममध्येच, म्हणजे गेली. डीएस३२३१ (बॅटरीवरचं घड्याळ) लावा. कुठलंही लिनक्स घातलं तरी तो लागणारच.

बिनपगारी

टाकी मोजायला लिनक्स? ईएसपी३२ (वायफाय असलेली साधी चिप) घ्या. कार्ड नाही, लिनक्सचा कर्नल नाही, म्हणून तुमचं 'कर्नल पॅनिक'ही नाही. तुमच्या वडिलांचं बीपी नीट राहील.

विहिरीकाठचा

@बिनपगारी, बरोबर आहे. पण पाय २०१२ मध्ये बाजारात आला तो पोरांनी खटपट करून शिकावं म्हणूनच ना? मी उशिरा आलेलं पोर समजा. शिवाय त्याच डब्यावर घरच्यांसाठी छोटं वेबपान चालतं, जुने आकडे दिसतात.

आळशी_अण्णा

खटपटीला ना नाही. माझा आक्षेप दुसराच आहे. तुम्ही पुण्यात, पाय गावात. अल्पाइनची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि साधारण दोन वर्षांनी तिचा पाठिंबा संपतो. डिस्कलेसमध्ये नवी आवृत्ती म्हणजे कार्डावरच्या बूट फाइली बदलणं. मधेच काही चुकलं तर कार्ड काढून लॅपटॉपला कोण लावणार? वडील? माझ्या डेबियनवाल्या डब्याला चुलतभाऊ हात लावू शकतो, कारण त्याने जे काही गुगल केलं त्याचं उत्तर डेबियनसाठीच लिहिलेलं असतं.

सोल्डरवाली

अण्णा, ओव्हरले असताना तुमचं अपडेट तरी कसं होतं? ओव्हरले बंद, रीबूट, अपडेट, ओव्हरले चालू, पुन्हा रीबूट. आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर तुमचंही कार्ड चुलतभावाच्या हातात.

आळशी_अण्णा

म्हणून मी अपडेट मे महिन्यात करतो. सुट्टीत, तिथे बसून.

विहिरीकाठचा

मे महिना पटला, मीही तेव्हाच गावी असतो. अण्णांनी काढलेल्या माझ्या वडिलांच्या मुद्द्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: तयार केलेलं दुसरं कार्ड डब्यातच चिकटवून ठेवलंय, वर वडिलांच्याच अक्षरात 'घाबरलं तर हे लाव'. करवंद, तुमची स्क्रिप्टवाली गोष्ट वाचून आत्ता एसएसएच करून बघितलं. माझा सी प्रोग्रॅम एलबीयूच्या यादीत आहे, पण वेबपानाचं फोल्डर नव्हतं. आत्ता घातलं. आभार.

डीएस३२३१ मागवतोय. झिरोवर कुठल्या पिनांवर बसतो?

सोल्डरवाली

पाच भोकांचा छोटा मॉड्यूल घ्या, १, ३, ५, ७, ९ वर थेट बसतो. उलटा लावू नका. आणि बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी-आरटीसीची (घड्याळ ओळखायची) ओळ घालायला विसरू नका, ती फाइल कार्डावर आहे, तिला कमिट लागत नाही. आधी कार्ड रीमाउंट करून लिहिता येईल असं करा, नाहीतर 'रीड-ओन्ली' म्हणून परत इथे याल.