गर्भपात, गर्भसमापन की ‘पिशवी धुणं’? आणि संमती की परवानगी?

तिठा
एका संस्थेसाठी आठ पानांची पुस्तिका मराठीत करतेय. वाचणाऱ्या खेड्यातल्या बायका, विषय १९७१चा गर्भपाताचा कायदा. माझं वाक्य होतं, ‘गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ ओढली. म्हणे गर्भपात आपोआप होतो, करवून घेतात ते ‘गर्भसमापन’. आणि ‘संमती’ जड, ‘परवानगी’ लिहा. मी हटून बसलेय, पण कारण नीट सांगता येत नाहीये. पान पाचवर ‘देहस्वायत्तता’ही आहे, म्हणजे आपल्या शरीराचा निर्णय आपण घेणं, त्याचं नंतर बघू.

खडीसाखर
समापन? मग आभारप्रदर्शन कोण करणार? हिंदीत कायद्याच्या नावातच ‘चिकित्सीय समापन’ आहे, तिथून उचललेलं दिसतंय. दवाखान्याच्या पाटीवर ‘वैद्यकीय गर्भपात केंद्र’ असतं. पाटी वाचता येणाऱ्या बाईला तो शब्द कळतो.

जुना_बस्ता
बाई अगदीच चूक नाहीत. पात म्हणजे पडणं, पाडणं नव्हे. सुश्रुताच्या हिशेबाने चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात, शरीर घट्ट झाल्यावर गेला तर गर्भपात. म्हणजे गोळ्या घेऊन सातव्या आठवड्यात होतो तो पातही नव्हे. करवण्याला शब्द हवाच असेल तर ‘गर्भपातन’.

खडीसाखर
काका, ‘पातन’ वाचून बाई पायरीवरूनच माघारी फिरेल.

निवृत्त_सिस्टर
बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं काढली. ‘गर्भपात’ म्हणालेली बाई आठवत नाही. ‘पिशवी धुवायचीय’, ‘क्युरेटिन करायचंय’, ‘दिवस गेलेत, ठेवायचं नाही’. आपोआप गेलं तर ‘पडलं’. ‘पाडलं’ हा शब्द सासूचा : ‘हिनं पाडलं.’ एका कान्यात अख्खा खटला.

परवानगीचं म्हणाल, तर कायद्याच्या नमुना ‘क’वर, म्हणजे संमतीच्या कागदावर, एकच सही लागते, तिची. आमच्याकडे मात्र त्याखाली पट्टीने आखलेली एक रेघ असायची, ‘पतीची सही’. छापील नव्हे, पेनाने. तीन लेकरांची एक बाई आली, नवरा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात. डॉक्टर म्हणाले, त्याला घेऊन या. अकरा दिवसांनी ती दिराला घेऊन आली. दिराचा अंगठा चालला! कुणातरी पुरुषाचं नाव रेघेवर हवं होतं, एवढंच. त्या अकरा दिवसांत तिचं काम अवघड झालं ते वेगळं. आणि पट्टी कुणी धरायची? मीच.

पळीपंचपात्र
चर्चा शब्दाची आहे. संमती म्हणजे सम् अधिक मन्, मतं जुळणं. फार सुंदर शब्द. मौनं संमतिलक्षणम्.

कोरडवाहू
तिथेच तर घोळ आहे. गप्प राहिली म्हणजे हो. हा शब्द घरोघरी गाजला तो १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा केलं, टिळकांनी विरोध केला, सभा झाल्या, अग्रलेख झाले. ज्या पोरीच्या संमतीचं वय ठरवत होते तिला कुणी विचारलं? त्याआधी १८८७मध्ये कोर्टाने लहानपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग. आपल्याकडे बाईचा नकार असा लख्ख नोंदला गेलाय. संमती नेहमी दुसऱ्यानेच तिच्या वतीने लिहिलेली.

पळीपंचपात्र
मग सरळ भ्रूणहत्या लिहा, एवढं खरं बोलायचं असेल तर.

कोरडवाहू
खरं कसलं? लिंगनिदानाचा कायदा वेगळा. महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, देशाचा १९९४चा. तिथे बंदी आहे मुलगा की मुलगी हे शोधण्यावर. पण भिंतीभिंतीवर ‘स्त्रीभ्रूणहत्या’ रंगवून आपण सगळ्याच गर्भपाताला हत्या करून टाकलं. आता गोळ्या मागायला आलेल्या बाईला वाटतं पोलीस येतील.

जुना_बस्ता
अवांतर : धर्मसूत्रांत ‘भ्रूण’चा अर्थ विद्वान ब्राह्मण असाही करतात. म्हणजे भ्रूणहत्येचं ते भयंकर पातक मुळात कुणाला जपायला होतं, हा प्रश्न उरतोच.

काळा_डगला
वकिली करते म्हणून सांगते, तिठाताई, ‘संमती’च ठेवा. कायद्यात बाईने मागितलं की मिळालं, असं नाही. मत डॉक्टरचं असतं, तिची त्याला संमती. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक गटांतल्या बायकांसाठी दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टाने त्या गटांत अविवाहितेलाही धरलं आणि घरच्यांची संमती वगैरे जादा अटी घालू नका, असंही डॉक्टरांना सुनावलं. तरी निवाडा डॉक्टरच्याच हातात. म्हणून ‘हक्क’ लिहिलंत तर कायदा आहे त्याहून उदार दिसेल. ‘संमती’ तोकडा शब्द आहे, कारण कायदाच तोकडा आहे.

तिठा
हे कारण मला हवं होतं! काल बचत गटात दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. ‘तिची परवानगी’वर एकीने विचारलं, “तिची म्हंजे सासूची का?” ‘संमती’वर सगळ्या गप्प. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, देव जाणे.

पळीपंचपात्र
मौनं…

खडीसाखर
पंत, पुरे.

निवृत्त_सिस्टर
‘तिने स्वतः हो म्हटलं आणि सही केली, एवढं पुरे’ असं लिही ना बाळ. आणि ते देहस्वायत्तता काढ. स्वायत्त म्हटलं की आमच्या गावात कॉलेज आठवतं.

जुना_बस्ता
सही कशावर? पुस्तिकेत ‘संमतीपत्र’ छापलं असेल तर आधी ते सुधारा. तत्सम शब्द, समासात पूर्वपद ऱ्हस्वच : संमतिपत्र.

कोरडवाहू
वेलांटी तेवढी राहिली होती.

खडीसाखर
दीर्घ लिहिलं तर सही बाद होते का?

जुना_बस्ता
चेष्टा करा. उद्या ‘मतीमंद’ही चालवून घ्याल.

कोरडवाहू
आमच्याकडे म्हैस अर्ध्यात टाकते तेव्हा ‘गाभडली’ म्हणतात. त्यात कुणावर आळ नाही, सासूलाही वापरता येणार नाही. बाईसाठी असा शब्द कुणाकडे आहे का?

काळा_डगला
गाभडणे! आजीच्या तोंडचा शब्द. गाभण, गाभा, गाभारा सगळे गर्भातूनच आलेत ना?

जुना_बस्ता
गाभारा ‘गर्भागार’वरून. पण गाभडण्यातला ‘ड’ कुठला, ते बघावं लागेल.