साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची शी, रात्रभर थांबू का?

ओलीमाती
लॅब्रॅडॉर मादी, वजन 9 किलो, लसीचा एकच डोस झालाय. सकाळपासून पिवळ्या फेसाच्या उलट्या, संध्याकाळी पातळ, लालसर, भयंकर वासाची शी. पाणी प्यायली की लगेच बाहेर. निपचित पडून आहे. आमचे डॉक्टर सकाळी येतात. तोवर जुलाब थांबवायची गोळी आणि ओआरएस देऊ का?

चिंचबन
थांबू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना शोधून आत्ताच फोन करा. या वयात जीव जातो तो बहुतेकदा अंगातलं पाणी आणि साखर उतरल्यामुळे.

निघण्यापूर्वी वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चिकट, फिकट असतील तर पाणी बरंच कमी झालंय. गुदद्वारातून ताप बघा: 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. 100 च्या खाली आणि पंजे गार असतील तर ते तापापेक्षाही वाईट.

जुलाब थांबवायची गोळी नकोच. त्यातल्या लोपेरामाइडने आतडं मंदावतं आणि घाण आतच राहते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर हातात घेऊ नका. ओआरएस चांगलं, पण उलट्या चालू असताना सिरिंजने तोंडात ढकललं की फुफ्फुसात जाऊ शकतं.

वडाचापार
एकच डोस म्हणजे पहिला संशय पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकतात, म्हणून 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस देतात. ताजी शी डबीत न्या, किटवर काही मिनिटांत कळतं. किट निगेटिव्ह आलं तरी पार्वो नाहीच असं नाही, पांढऱ्या पेशी मोजायला सांगा. शिवाय साखर आणि पोटॅशियम. उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि शिरेतून सलाईन हाच उपचाराचा कणा.

आणखी दोन गोष्टी आठवून सांगा. आंब्याची कोय किंवा मक्याचं बुरकुंड गिळलंय का? एक्स-रेत ते दरवेळी दिसत नाही, सोनोग्राफी लागते. आणि घरात उंदराचं औषध आहे का? झिंक फॉस्फाइडची पूड काळपट असते, पोटात गेल्यावर विषारी वायू होतो. तसा संशय असेल तर गाडीच्या काचा उघड्या ठेवा आणि पाकीट बरोबर न्या.

ओलीमाती
निघालोय. ताप 99.4, हिरड्या फिकट. उंदराचं औषध घरात नाही.

चिंचबन
टॉवेलात गुंडाळून उबेत न्या. पोहोचल्यावर हे आकडे आधी सांगा. उलट्या थांबल्या की उपाशी ठेवू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हापासून उकडलेलं, बिनमिठाचं चिकन आणि मऊ भात, दर दोन-तीन तासांनी चमचा-दोन चमचे.

वडाचापार
दवाखान्यात जमिनीवर सोडू नका, बाकी पिल्लांना लागण होईल. घरी फिनेलने पार्वो मरत नाही. आधी शी पूर्ण पुसून काढा, मग 1 भाग घरगुती ब्लीचला 30 भाग पाणी, ओली फरशी 10 मिनिटं तशीच ठेवा. त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. अंगणातल्या मातीत विषाणू अनेक महिने टिकतो, त्यामुळे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे येऊ देऊ नका.