शब्दचर्चा : 'इकिगाई'ला मराठीत काय म्हणाल?

तापीकाठ :
भुसावळला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुढच्या आठवड्यात मला इकिगाईवर बोलायचंय. जपानी शब्द आहे, ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ते. फळ्यावर 'जीवनध्येय' लिहिलं, तर पुढच्याच खुर्चीवरच्या काकू म्हणाल्या, "एक्याऐंशीव्या वर्षी आता ध्येय कुठून आणू रे भाऊ?" खोडलं. 'जीवनाचा उद्देश' लिहिलं, तर ते शाळेतल्या सुविचारासारखं वाटायला लागलं. तुम्ही कुठला शब्द वापराल?

धुळेकर :
काकू बरोबर आहेत. 'इकि' म्हणजे जगणं. 'गाई' हा मुळात 'काई', जोडशब्दात क चा ग झालाय. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतं, थोडंफार तसंच. 'काई' म्हणजे केल्याचं काहीतरी पदरात पडणं. करण्यात अर्थ वाटला की 'यारिगाई', नोकरीधंद्यात वाटला की 'हाताराकिगाई'. यात गाठायचं शिखर कुठेच नाही. मग आपला 'चीज' का नको? कष्टाचं चीज झालं म्हणतो, तसं जगण्याचं चीज.

तापीकाठ :
शब्द झकास आहे, पण फळ्यावर लिहिला तर नातवंडं पिझ्झा मागतील.
इकिगाई म्हणून सगळीकडे फिरतं ते चार वर्तुळांचं चित्र दाखवू का?

धुळेकर :
नका दाखवू. ते जपानी नाहीच. एका स्पॅनिश ज्योतिषाच्या आकृतीवर २०१४ मध्ये एका इंग्रज ब्लॉगलेखकाने हा शब्द चिकटवला. त्यात 'पैसे कशाचे मिळतील' असंही एक वर्तुळ आहे. पेन्शनवाल्यांनी तिथे काय लिहायचं?

अमळनेरी :
'चीज' मला अर्धंच पटतं. ते मागे वळून म्हणायचं असतं. पोरगी नोकरीला लागली, चीज झालं, संपलं. इकिगाई उद्या सकाळी अंथरुणातून उठताना लागते. मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात काम करायच्या. १९६६ मध्ये त्यांनी इकिगाईवर पुस्तक लिहिलं आणि दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ते, आणि तसं वाटणं. दुसऱ्याला 'ओढ' चालेल. पहिल्याला शब्द हवाय.

धुळेकर :
पहिल्याला 'स्वधर्म'. १९३२ मध्ये आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. स्वधर्म शोधत हिंडावा लागत नाही, तो आपसूक वाट्याला येतो, असं विनोबांचं म्हणणं. (गावाचा अभिमान आहे, माफ करा.)

अमळनेरी :
अर्थ जवळचा, वजन फार. संध्याकाळी सातला स्वधर्म म्हटलं की निम्मे लोक घड्याळ बघतील.

भरीतवाला :
इकिगाईसोबत जपानच्या ओकिनावा बेटांवरचे जे बाकीचे शब्द येतात, ते सोपे आहेत. 'हारा हाची बू' म्हणजे पोट दहात आठ भाग भरलं की थांबा. आपली आई सांगायची, दोन घास कमी खा. (पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी पुढ्यात असताना हे कुणी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही.) 'मोआई' म्हणजे तर चक्क भिशी. दर महिन्याला ठरलेली माणसं जमतात, पैसे काढतात, कुणी आलं नाही तर घरी जाऊन बघतात. शेवटचं जास्त महत्त्वाचं, असं माझं मत.

अमळनेरी :
जपानच्या मियागी प्रांतात ४३,३९१ जणांवर सात वर्षं लक्ष ठेवलं होतं, अभ्यास २००८ मध्ये छापून आला. तुमच्या जगण्यात इकिगाई आहे का, एवढंच विचारलं होतं. 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. आजारी माणूस मुळातच 'नाही' म्हणण्याची शक्यता जास्त, हा हिशेब धरूनही फरक उरला. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : शब्दाची व्याख्या कुणी दिली नव्हती आणि कुणाला लागलीही नव्हती. आपल्यालाही असाच न सांगता कळणारा शब्द हवा.

पाचोरेकर :
माझी आजी पंच्याऐंशीची. दर उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) तिच्याच हातचे. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, मग दळण, मग लसूण-मिरची-तीळ घालून शिजवलेलं गरम पीठ ओल्या फडक्यावर थापायचं. कडा फाटली की बोट पाण्यात बुडवून सांधते. गेल्या वर्षी तिला त्रास नको म्हणून आम्ही तयार बिबडे विकत आणले. आठ दिवस ती धड बोलली नाही, चहासुद्धा अर्धा टाकायची. शेवटी म्हणाली, "काम नही ते दिन जास नही." दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ज्वारी आणली. तिला ध्येय विचारलं तर ती हसेल. तिचा जीव बिबड्यांत आहे, एवढं आम्हाला कळलं.

तापीकाठ :
'जीव कशात आहे?' हेच लिहितो फळ्यावर.

धुळेकर :
गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असतो तसा. मग 'चीज' मागे घेतो.

तापीकाठ :
आज काकूंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "गच्चीवरच्या अळूत. पण तू तिकडं पाय ठेवू नको, मागल्या वेळी तुडवलंस."