मदत हवी आहे: बजी पोपट कांगणीच्या दाण्यांशिवाय काहीच खात नाही

नमस्कार मंडळी, आमच्याकडे 8 महिन्यांचा हिरवा बजी आहे, नाकावरचा भाग निळा झालाय म्हणजे नरच. प्रॉब्लेम असा की तो नुसती कांगणी खातो, कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर सगळं करून बघितलं पण वाटी दिसली की पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. नुसत्या दाण्यांवर यांना व्हिटॅमिन ए कमी पडतं, लिव्हरवर चरबी चढते हे कळल्यापासून खूप काळजी वाटतेय. समुद्रफेस (कटलफिशचं हाड) मात्र आवडीने कुरतडतो. जेमतेम 35 ग्रॅमचा जीव, उपाशी ठेवून सवय लावायची माझी अजिबात हिंमत नाही. तुम्ही भाज्यांची सवय कशी लावलीत? पेलेट्स (पक्ष्यांचं तयार गोळी-खाद्य) दाण्यांत मिसळून दिले तर चालतील का? आणि नाशिकमध्ये पक्षी नीट तपासणारे डॉक्टर माहीत असतील तर प्लीज सांगा.